पोर्टेबल पूल आणि हॉट टब आवारात लावताय? आधी वजन, वीज आणि मुलं यांचा हिशोब करा

बुकिंग ॲपवर लोणावळा टाकून बघा. फिल्टरच्या यादीत 'प्रायव्हेट पूल' असतोच. त्यावर टिक केलं की ज्यांच्याकडे पूल नाही अशी घरं यादीतून गायब होतात. मळवली, कार्ला, भाजे या पट्ट्यात घराच्या दोन खोल्या पर्यटकांना देणाऱ्यांची पंचाईत इथेच होते. सिमेंटचा पूल बांधायचा तर खर्च काही लाखांत. त्यामानाने ऑनलाइन मिळणारा फुगवायचा पूल किंवा हॉट टब कितीतरी स्वस्त. बॉक्समध्ये येतो, पंप लावून अर्ध्या तासात उभा राहतो, आणि लिस्टिंगमध्ये फोटो टाकता येतो.

माझा मामेभाऊ मळवलीत असाच होमस्टे चालवतो. गेल्या हिवाळ्यात त्याने मला चार लिंक पाठवल्या आणि विचारलं, "दादा, यातला कुठला घेऊ? रिव्ह्यू सगळ्यांचे चांगले आहेत." मी सॉफ्टवेअरवाला असल्यामुळे घरात मिक्सरपासून सोलरपर्यंत सगळं मलाच विचारलं जातं. पण इथे 'कुठला' हा प्रश्न दुय्यम आहे. आधी 'कुठे ठेवणार' आणि 'कशाला जोडणार' हे ठरवायचं. हे सामान खेळण्यासारखं विकलं जातं, म्हणून गवंडी, वायरमन यांपैकी कुणालाच कुणी विचारत नाही. भरल्यानंतर मात्र तीच वस्तू काही टनांचं ओझं असते, विजेवर चालणारं यंत्र असते, आणि लहान मुलासाठी कठडा नसलेली विहीर असते.

रिकामा असेपर्यंतच पोर्टेबल

एक सोपं गणित लक्षात ठेवा. पाण्याची खोली सेंटिमीटरमध्ये घ्या आणि १० ने गुणा. जो आकडा येईल तेवढे किलो वजन प्रत्येक चौरस मीटरवर पडतं. ६० सेंटिमीटर पाणी म्हणजे चौरस मीटरला ६०० किलो. पूल लहान असो की मोठा, हा आकडा बदलत नाही. बदलतं ते एकूण वजन. १० फूट व्यासाचा, ३० इंच उंचीचा, वर फुगीर कडं असलेला जो गोल पूल सगळीकडे दिसतो, त्यात सुमारे ३,८०० लिटर पाणी मावतं. म्हणजे जवळपास पावणेचार टन.

आता गच्चीकडे वळू, कारण मामेभावाच्या डोक्यात गच्चीच होती. विसापूर आणि लोहगड समोर दिसतात, फोटो झकास येतो. इमारतींवरच्या भाराचं जे भारतीय मानक आहे, आयएस ८७५ चा भाग २, त्यात जिथे माणसांचा वावर असतो अशा सपाट गच्चीसाठी दर चौरस मीटरला १.५ किलोन्यूटन भार धरतात. साध्या भाषेत साधारण १५० किलो. वरच्या गणिताने हे झालं १५ सेंटिमीटर पाणी! वीतभरही नाही. ६० सेंटिमीटरचा पूल म्हणजे चौपट.

"मग हॉट टब ठेवू, तो छोटा असतो." चला, तोही हिशोब करू. चार माणसांचा फुगवायचा टब सुमारे ८०० लिटरचा असतो, बाहेरून व्यास दोन मीटरच्या आतबाहेर. पाणी ८०० किलो, चार माणसं २८० किलो, टब आणि हीटर मिळून आणखी थोडं, असे ११०० किलो धरा. जागा साधारण ३ चौरस मीटर. चौरस मीटरला ३६५ किलोच्या आसपास, म्हणजे तरीही दुपटीहून जास्त. स्लॅबमध्ये राखीव ताकद ठेवलेली असते, त्यामुळे तो त्याच दिवशी कोसळेलच असं नाही. पण ती राखीव ताकद लोखंडाला गंज चढेल, माल कुठे कमी पडला असेल, यासाठी असते. ती पूलसाठी खर्च करायची नसते.

यावर सगळीकडे ऐकू येणारा प्रतिवाद म्हणजे, "गच्चीवर हजार लिटरची टाकी ठेवतोच की!" ठेवतो, पण कुठे ते बघा. टाकी सहसा जिन्याच्या खोलीवर, कॉलम-बीमच्या वर किंवा तिच्यासाठी बांधलेल्या कट्ट्यावर असते. तिचं वजन बीममधून कॉलममध्ये आणि तिथून पायात उतरतं. पूल आपण स्लॅबच्या मधोमध ठेवतो, कारण व्ह्यू तिथून चांगला दिसतो. स्ट्रक्चरल इंजिनिअरने तुमच्या घराचे नकाशे पाहून लेखी हो म्हटलं तर गोष्ट वेगळी. नाहीतर टब जमिनीवरच.

जमिनीवर ठेवतानाही मळवलीसारख्या ठिकाणी दोन गोष्टी बघाव्या लागतात. पहिली, आवाराखाली काय आहे? सेप्टिक टँक, शोषखड्डा, पाण्याची भूमिगत टाकी यांवर स्लॅबचं झाकण टाकून वर फरशी किंवा लॉन केलेलं असतं. वरून बघितलं तर तीच जागा सगळ्यात सपाट आणि आयती वाटते. त्या झाकणावर पावणेचार टन ठेवू नका. दुसरी, जमीन कसली आहे? इथली बरीच घरं भातखाचरात भराव टाकून उभी राहिली आहेत. उन्हाळ्यात ती माती दगडासारखी वाटते आणि जुलैमध्ये पाय रुततो. मुरूम टाकून, पाणी मारून, चांगला दाबून घेतलेला थर हवा. वर ताडपत्री आणि फोमच्या शीट. पूलच्या एका बाजूला विटा किंवा फळी सारून लेव्हल केल्यासारखं करणं, हे सगळ्यात वाईट.

लेव्हल फोनने मोजता येते, पण नीट

जमिनीला उतार असला तरी पाण्याचा पृष्ठभाग सपाटच राहतो, त्यामुळे उताराच्या बाजूला पाणी जास्त उंच चढतं आणि तिथल्या भिंतीवर जोर वाढतो. फुगीर कड्याच्या पूलमध्ये ती बाजू बाहेर फुगते आणि कडं खाली दबतं. मग कुणीतरी त्याच बाजूला टेकून बसतं आणि सगळं पाणी एका झटक्यात बाहेर येतं. काही टन पाणी लहान मूल सोडा, मोठ्या माणसालाही आडवं करतं.

१ अंशाचा उतार डोळ्याला दिसत नाही. पण १० फुटांत तो ५ सेंटिमीटरचा फरक पाडतो. इथे तुमचा फोन कामाला येतो. फोनमधला ॲक्सिलरोमीटर गुरुत्वाकर्षणाची दिशा ओळखतो, त्यावरच लेव्हल ॲप चालतात. आयफोनमध्ये मेजर ॲपच्या आत लेव्हल आहे, अँड्रॉइडवर फुकटची ढीगभर आहेत. मात्र फोन जमिनीवर पालथा ठेवू नका, मागे कॅमेऱ्याचा उंचवटा असतो. सरळ, लांब फळी किंवा ॲल्युमिनियमची पट्टी जमिनीवर ठेवा आणि तिच्यावर फोन लांब कडेवर उभा करा. आकडा बघा. मग फोन उलट दिशेला फिरवून पुन्हा बघा. दोन्ही वेळचे आकडे वेगळे आले तर त्यांच्यातल्या फरकाचा अर्धा भाग ही फोनची स्वतःची चूक.

एवढं करूनही शेवटचा शब्द गवंड्याच्या लेव्हलच्या पाईपचा. पारदर्शक नळी, आत पाणी, दोन टोकं दोन बाजूंना. त्याला कॅलिब्रेशन लागत नाही आणि बॅटरीही लागत नाही.

एमसीबी आहे, मग शॉक कसा बसेल?

हा प्रश्न मला मामेभावाने विचारला आणि नंतर ऑफिसमधल्या दोन इंजिनिअरांनीही विचारला. म्हणून इथे जरा थांबतो.

एमसीबी वायर वाचवतो. १६ अँपिअरचा एमसीबी त्याहून बराच जास्त करंट गेला की पडतो. माणसाच्या छातीतून गेलेला काही दशांश अँपिअर करंटही जीव घ्यायला पुरतो, आणि त्याच्याकडे एमसीबी ढुंकूनही बघत नाही. त्यासाठी आरसीसीबी लागतो. त्याचं काम सोपं आहे. फेजमधून जेवढा करंट गेला तेवढाच न्यूट्रलमधून परत आला का, हे तो सतत तपासतो. ३० मिलिअँपिअरचा फरक पडला, म्हणजे तेवढा करंट कुठून तरी जमिनीत निघून गेला, की तो क्षणात सप्लाय तोडतो. १६ अँपिअर म्हणजे १६,००० मिलिअँपिअर. एमसीबीला जे ५०० पटीने कमी म्हणून दिसतच नाही, ते आरसीसीबी पकडतो. ओली त्वचा, उघडे पाय आणि खाली ओली जमीन असेल तर हाच फरक जीवन-मरणाचा असतो.

घेताना ३० मिलिअँपिअरचा घ्या. १०० आणि ३०० चेही मिळतात, पण ते आग टाळण्यासाठी असतात. आयएस १२६४० चा उल्लेख बघा. टबच्या पंपात इलेक्ट्रॉनिक्स असतं, त्यामुळे 'टाइप ए' मिळाला तर तोच घ्या. त्यावर 'टी' लिहिलेलं बटण असतं, ते महिन्यातून एकदा दाबायचं. दाबल्यावर पडला नाही तर टब बंद आणि वायरमनला फोन. अर्थिंगही तपासून घ्या. इथे खाली काळा खडक आहे आणि उन्हाळ्यात वरची जमीन कोरडीठाक पडते, त्यामुळे पावसाळ्यात चांगली वाटलेली अर्थिंग मे महिन्यात कमकुवत निघू शकते.

आता हीटर. टबचा हीटर साधारण २ किलोवॅटचा असतो. ८०० लिटर पाणी २० अंशांवरून ३८ अंशांवर न्यायला जवळपास १७ युनिट लागतात, म्हणजे काहीच उष्णता वाया गेली नाही तरी साडेआठ तास. हा टब रात्रभर ९ अँपिअरच्या आसपास करंट खेचत राहणार. त्याला टीव्हीमागचं सहा अँपिअरचं एक्स्टेन्शन बोर्ड चालत नाही. सैल सॉकेट एवढ्या वेळात वितळतं आणि गुंडाळून ठेवलेली लांब केबल आतल्या आत तापते. टबसाठी मेन बोर्डापासून स्वतंत्र लाइन, १६ अँपिअरचं सॉकेट आणि पाणी न शिरणारा बॉक्स. आंतरराष्ट्रीय मानकांत पाण्याच्या कडेपासून पहिले २ मीटर हा जास्त धोक्याचा पट्टा मानतात. सॉकेट त्याच्या बाहेर, आणि शक्य असेल तर साडेतीन मीटरच्याही पलीकडे ठेवा.

एक प्रकार खास आपल्याकडचा. परदेशी बनावटीच्या अनेक टबच्या वायरवर प्लगजवळ एक ठोकळा असतो, त्यावर 'टेस्ट' आणि 'रिसेट' अशी बटणं असतात. तो आरसीसीबीचाच छोटा भाऊ. प्लग आपल्या सॉकेटमध्ये बसत नाही म्हणून वायर कापून त्या जागी आपला टॉप लावला जातो, आणि ठोकळा प्लगचाच भाग असेल तर तोही कचऱ्यात जातो. टब चालतो, पण त्याचं सुरक्षाकवच कापून टाकलेलं असतं. टब घेतानाच २३० व्होल्टचा आणि आपल्याकडे बसेल असा प्लग असलेला घ्या. अमेरिकेतल्या नातेवाइकाने आणलेला १२० व्होल्टचा टब तर जोडूच नका.

आणि लाइट जाणं. मावळात पावसाळ्यात ती जाते, मग इन्व्हर्टर किंवा जनरेटर सुरू होतो. मेन बोर्डातला आरसीसीबी इन्व्हर्टरच्या पुढच्या लाइनवर लक्ष ठेवत असेलच असं नाही, तुमच्या वायरिंगवर ते अवलंबून आहे. म्हणून साधा नियम, लाइट गेली की सगळे पाण्याबाहेर. वळवाच्या दिवसांत गडगडाट ऐकू आला तरीही तेच. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास पाण्यात उतरायचं नाही.

फोनबद्दलही सांगतो, कारण रील काढायला तो टबमध्ये येणारच. आयपी६८ ही चाचणी स्वच्छ, साध्या पाण्यात होते. क्लोरीनचं, गरम, साबणाचं पाणी त्यात येत नाही, आणि रबराचं सील जुनं होत जातं. पण फोन बिघडला तर नवा येईल. चार्जिंगला लावलेला फोन टबजवळ नेऊ नका, हे खरं महत्त्वाचं. अंघोळीच्या टबमध्ये चार्जिंगचा फोन पडून माणसं गेल्याच्या घटना युरोपात घडल्या आहेत. चार्जर बाहेर ५-९ व्होल्ट देतो हे खरं, पण आतून तो २३० ला जोडलेला असतो, आणि तो ज्या बोर्डात खोचलाय ते बोर्डही सरकून पाण्यात पडू शकतं.

मुलं

जुलै २०२२ मध्ये लोणावळ्यात भाड्याने घेतलेल्या एका बंगल्यात, नाशिकहून फिरायला आलेल्या कुटुंबातलं दोन वर्षांचं मूल पूलमध्ये बुडून गेलं. घर भरलेलं, सगळी आपलीच माणसं, आणि तरीही. होमस्टेमध्ये हा धोका घरच्यापेक्षा जास्त असतो, कारण आलेल्या पाहुण्यांना दार कुठे उघडतं आणि अंगणात काय आहे, हे माहीत नसतं. सामान उतरवताना, चहा होताना मूल त्याच्या गतीने फिरत असतं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अहवालानुसार २०२१ मध्ये जगात सुमारे ३ लाख माणसं बुडून मेली, त्यातली जवळपास एक चतुर्थांश पाच वर्षांच्या आतली मुलं होती. आणि बुडणं सिनेमासारखं नसतं. तोंड पाण्याखाली असताना ओरडता येत नाही. शेजारच्या खुर्चीतल्या माणसालाही ते ऐकू येत नाही.

पूलची भिंत उंच आहे म्हणून निर्धास्त राहू नका. जुलै २०२५ मध्ये अमेरिकेच्या कन्झ्युमर प्रॉडक्ट सेफ्टी कमिशनने बेस्टवे, इंटेक्स आणि पॉलीग्रुप या कंपन्यांचे ४८ इंच किंवा त्याहून उंच असे सुमारे ५० लाख पूल रिकॉल केले. पाईपच्या सांगाड्याचे हे पूल, आणि त्यांच्या पायांना बाहेरून एक पट्टा आवळलेला होता. त्याच पट्ट्यावर पाय ठेवून मुलं वर चढली. २२ महिने ते ३ वर्षं वयाची नऊ मुलं २००७ ते २०२२ या काळात अशी गेल्याचं आयोगाने सांगितलं. ४८ इंच म्हणजे चार फूट. म्हणून पूलजवळ खुर्ची, पाण्याचा पंप, कुंडी, बादली, मूल चढू शकेल असं काहीही ठेवायचं नाही. पोहणं संपलं की शिडी काढून घरात. जुना, उंच पूल घेत असाल तर बाहेरचा पट्टा आधी बघा.

ऑस्ट्रेलियात ३० सेंटिमीटरपेक्षा जास्त पाणी मावणाऱ्या पूलला कुंपण लागतं, आणि त्यातून पोर्टेबल पूल सुटत नाहीत. किमान १.२ मीटर उंच कुंपण, आपोआप बंद होणारं फाटक. मला हा नियम आपण आपणहून पाळावा असा वाटतो. मामेभावाने टबपेक्षा आधी जाळीचं कुंपण करून घेतलं. फाटकाला स्प्रिंग लावली आणि कडी आतून वरच्या बाजूला. फोटोत ते दिसतं, थोडं विद्रूप दिसतं, दिसू दे.

आता टेक्नॉलॉजीची मर्यादा. सीसीटीव्ही रेकॉर्ड करतो, पाण्यात उडी मारत नाही. वाय-फाय कॅमेऱ्याचं नोटिफिकेशन उशिरा येतं, डोंगराच्या कुशीत नेटवर्क असंही लपंडाव खेळतं, आणि पावसात झाड हललं तरी अलर्ट येतो, मग माणूस ते अलर्ट बंदच करतो. पाण्यावर तरंगणारे अलार्म मिळतात, लाट उठली की वाजतात. असावेत, पण कुंपणानंतर. पहिलं काम एका माणसाचं. पाण्यात मुलं असताना एका मोठ्या माणसाने फोन दुसऱ्याकडे देऊन फक्त पाण्याकडे बघायचं, २० मिनिटांनी पाळी बदलायची. दारू घेतलेल्याला ही पाळी द्यायची नाही.

टबचं झाकण कडीचं हवं. बबल-रॅपसारखी निळी शीट पाणी गरम ठेवते, पण मूल तिच्यावर पडलं तर ती खाली जाते आणि वरून त्याला झाकून टाकते.

आणि १०८ लक्षात ठेवा. मात्र शनिवार-रविवारी कार्ला-भाजे रस्त्यावरची गर्दी बघता पहिली काही मिनिटं तुमचीच असतात. बुडालेल्या माणसाला नुसती छाती दाबून पुरत नाही, तोंडाने श्वासही द्यावा लागतो. होमस्टे चालवणाऱ्याने सीपीआर प्रत्यक्ष शिकून घ्यावा, व्हिडिओवर नको.

टीसीएल आणि टीसीसीए

गावात विहिरीत टाकायला ग्रामपंचायतीकडे टीसीएल पावडर असते, हे सगळ्यांना माहीत आहे. पूलसाठी ऑनलाइन ज्या गोळ्या मिळतात त्यांचं नाव टीसीसीए. नावं भावंडांसारखी वाटतात, दोन्हींत क्लोरीन आहे, पण एकत्र आली तर ती पेट घेऊ शकतात, स्फोट होऊ शकतो आणि विषारी वायू निघतो. एकाच डब्यात, एकाच मापाने, एकाच फ्लोटरमध्ये कधीही नाही. दोन्हींपैकी काहीही वापरा, पण एकच. टॉयलेटचं ॲसिड तर दोघांपासून लांब ठेवा.

पूलमध्ये मोकळं क्लोरीन किमान १ पीपीएम आणि हॉट टबमध्ये किमान ३ पीपीएम असावं, पीएच ७ ते ७.८, असं अमेरिकेची सीडीसी सांगते. टबला जास्त का? गरम पाण्यात क्लोरीन लवकर उडतं आणि थोड्या पाण्यात जास्त माणसं बसतात. शिवाय २५ ते ४५ अंशांचं कोमट पाणी लिजिओनेला जिवाणूला फार आवडतं. बुडबुड्यांच्या तुषारांतून तो फुप्फुसात जातो. टेस्ट स्ट्रिपचा रंग दिवसा, डोळ्याने बघा. रात्री पिवळ्या बल्बखाली फोटो काढलात तर फोन आपल्या मनाने रंग सुधारून दाखवतो आणि रीडिंग चुकतं. बोअरच्या पाण्यात लोह असेल तर क्लोरीन टाकताच ते तांबूस होतं. ते लोह आहे, आधी गाळून काढा.

तापमान ४० अंशांच्या वर नको. पाच वर्षांखालची मुलं हॉट टबमध्ये नकोत. गरोदर बाई किंवा हृदयविकार असलेल्यांनी आधी डॉक्टरला विचारावं.

पावसाळ्यात गुंडाळून ठेवा

इथे २४ तासांत २०० मिलिमीटर पाऊस नवा नाही. म्हणजे पूलमध्ये एका दिवसात २० सेंटिमीटर पाणी आपोआप वाढणार आणि खालचा मुरूमही मऊ होणार. जूनच्या आधी पूल आणि टब उतरवलेलेच बरे. अर्धवट भरलेला सोडला तर डेंग्यूच्या डासाला आठ-दहा दिवस पुरतात.

रिकामा करायच्या आधी तीन-चार दिवस क्लोरीन टाकू नका, स्ट्रिपवर शून्य आलं की पाणी आपल्याच झाडांना हळूहळू सोडा. शेजारच्या भाताच्या रोपांत किंवा इंद्रायणीकडे जाणाऱ्या ओढ्यात नको. नंतर टब उन्हात दोन्ही बाजूंनी सुकवा, घडीत ओल राहिली तर बुरशी धरते. आणि ठेवताना पत्र्याच्या पेटीत ठेवा. माळ्यावरच्या उंदरांना पीव्हीसी फार आवडतं.